आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे, सात सेकंद

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव हे एक महसूल मंडळ आहे. पावसाळ्यात मंडळाबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मिलिमीटर? चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेघ ओलांडली की अतिवृष्टी. मग पंचनामे, मदत, याद्या. रेघेच्या अलीकडे राहिलात तर शेतात कितीही तळे साचलेले असो, कागदावर तो साधा पाऊस. आणि हे चोवीस तास मध्यरात्री संपत नाहीत. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. आपल्याकडे साडेआठ म्हणजे ग्रीनिचला बरोबर पहाटेचे तीन, आणि जगभरच्या हवामानाच्या नोंदी त्याच घड्याळाला बांधलेल्या आहेत.

पूर्वी पर्जन्यमापकातले पाणी कुणीतरी माणूस मोजायचा आणि वहीत लिहायचा. आता महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पाऊस, वारा, तापमान आपोआप मोजले जाते, प्रत्येक आकड्याला वेळेचा शिक्का लागतो आणि आकडा पुढे जातो. मिलिमीटरइतकाच तो शिक्का मोलाचा. ७० मिलिमीटर पाऊस कुठल्या साडेआठच्या आतला आणि कुठल्या साडेआठच्या नंतरचा, हे कळले नाही तर त्या सत्तरला काही अर्थ उरत नाही.

आता १९ जानेवारी २०३८ ही तारीख घ्या. मंगळवार, पौष शुद्ध पक्ष, शाकंभरी नवरात्राचे दिवस. सकाळी साडेआठची नोंद बिनबोभाट होईल. त्यानंतर १४ मिनिटे ७ सेकंदांनी जगातल्या असंख्य छोट्या यंत्रांमधला एक आकडा काठोकाठ भरेल. आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे, सात सेकंद. पुढच्या सेकंदाला ज्या यंत्राची दुरुस्ती झालेली नसेल ते सांगू लागेल की आज १४ डिसेंबर १९०१ आहे आणि पहाटेचे सव्वादोन वाजून ५२ सेकंद झाले आहेत.

त्या पहाटे परभणी निजामाच्या राज्यात होती, गादीवर मीर महबूब अली खान होते आणि १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ नुकताच मागे पडला होता. ‘भारतीय प्रमाणवेळ’ नावाची गोष्टच जन्माला आलेली नव्हती. ती आली १९०६ मध्ये. ज्या घड्याळाने ही वेळ सांगायची, ते घड्याळच त्या दिवशी अस्तित्वात नाही. संगणक एकदा चुकू लागला की असा निष्ठेने चुकतो.

हे होते कसे? युनिक्स घराण्यातले संगणक (लिनक्स, अँड्रॉइड, बहुतेक राउटर आणि डबाबंद यंत्रे त्याच घराण्यातली) तारीख लक्षात ठेवत नाहीत. ते एकच आकडा ठेवतात: १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. आपल्या घड्याळात तो क्षण पहाटे साडेपाचचा. हा आकडा ठेवायला दीर्घकाळ ३२ बिटांची जागा दिली गेली. त्यातला एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हात गेला, उरले ३१. त्यांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी आणि वर काही. त्यात आणखी एक मिळवला की हातचा थेट चिन्हाच्या बिटात जाऊन बसतो आणि सर्वांत मोठी धन संख्या एका फटक्यात सर्वांत मोठी ऋण संख्या होते. मोटारसायकलचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ वरून निदान शून्यावर येतो. इथे तो शून्याच्याही मागे, जितका पुढे गेला होता तितकाच मागे जातो. म्हणून १९०१.

दोनशे चौदा कोटी हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण आता तो एका गाण्यालाही पुरत नाही. ‘गंगनम स्टाइल’च्या प्रेक्षकसंख्येसाठी यूट्यूबला २०१४ मध्ये मोजणीची जागा ६४ बिटांची करावी लागली. खरी गंमत मात्र आकड्याच्या आकारापेक्षा मापाच्या एककात आहे. ३२ बिटांची तीच जागा घ्या आणि एकक बदलत जा. दिवस मोजले तर ती ५८ लाख वर्षांहून जास्त पुरते. मिनिटे मोजली तर चार हजार वर्षे. सेकंद मोजले तर ६८ वर्षे. सेकंदाचा शंभरावा भाग मोजला तर २४८ दिवस. मिलिसेकंद मोजले तर जेमतेम २५ दिवस, आणि चिन्हाचा बिट मोजणीत घेतला तर त्याच्या दुप्पट, म्हणजे ४९.७ दिवस. मायक्रोसेकंद मोजले तर ३५ मिनिटे ४७ सेकंद, एखादी पॅसेंजर गाडी क्रॉसिंगला थांबते तितका वेळ. नॅनोसेकंद मोजले तर दोन सेकंद आणि वर थोडे. ५८ लाख वर्षे आणि दोन सेकंद, जागा तीच.

या यादीतला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठे ना कुठे फुटलेला आहे. विंडोज ९५ हे ४९.७ दिवस सलग चालले की गोठायचे. हा दोष उघड व्हायला १९९९ उजाडले, आणि त्याचे कारण जे सांगितले जाते ते मला पूर्ण पटते: विंडोज ९५ पन्नास दिवस न पडता चालवून दाखवणारा माणूस तोवर कुणाला भेटलाच नव्हता. १४ सप्टेंबर २००४ रोजी लॉस एंजेलिसच्या आकाशातल्या विमानांशी नियंत्रण कक्षाचा रेडिओ संपर्क सुमारे तीन तास तुटला. कारण तोच ४९.७ दिवसांचा आकडा. यंत्र ठरावीक मुदतीत बंद करून पुन्हा सुरू करायचे, हा त्यावरचा उपाय होता आणि त्या वेळी ते राहून गेले. २४८ दिवसांचा आकडा बोइंग ७८७ मध्ये निघाला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने आदेश काढला की विमानाची वीज सलग इतके दिवस चालू ठेवू नका, नाहीतर चारही जनरेटरांचे नियंत्रक एकदम बंद पडू शकतात. ‘डीप इम्पॅक्ट’ हे नासाचे यान २००० सालापासून सेकंदाचे दहावे भाग मोजत होते. चिन्हाचा बिट धरून हा हिशेब साडेतेरा वर्षांत भरतो, म्हणजे ऑगस्ट २०१३ मध्ये. त्याच महिन्यात यान गप्प झाले. एचपी एंटरप्राइजने २०१९ मध्ये ग्राहकांना कळवले की काही साठवणुकीच्या डिस्क ३२,७६८ तास, म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि ८ तास चालल्या की कायमच्या मरतील. तिथे तासांना दिलेली जागा अवघी १६ बिटांची होती.

युनिक्सचे जनकही यातून सुटले नाहीत. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जायची, कारण अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. त्या हिशेबाने ३२ बिट सव्वादोन वर्षांतच भरतात. मग दर थोड्या काळाने मोजणीची सुरुवातच पुढे ढकलली गेली: १९७१, मग १९७२. शेवटी कंटाळून एकक सेकंद केले आणि आरंभ १९७० ला बांधला. अडुसष्ट वर्षे मिळाली. जेवढ्या काळात एखादी कार्यप्रणाली सहसा मोडीत निघते त्याच्या कित्येक पट ती मुदत होती, त्यामुळे त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. आपली वस्तू इतकी टिकेल असे त्यांना वाटले नाही, एवढेच.

दुरुस्ती म्हणजे ३२ चे ६४ केले की संपले, असे वाटते. नवे फोन आणि संगणक ६४ बिटांचेच आहेत. त्यांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटला. अडचण आहे ती स्वस्त, छोट्या, ३२ बिटी यंत्रांची: मीटर, पंपाचे नियंत्रक, हवामान केंद्राच्या खांबावरची पेटी. ही एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षे कुणी उघडत नाही, म्हणजे आज खांबावर चढलेली पेटी २०३८ ची सकाळ बघणार आहे. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल यांतल्या अनेक यंत्रांत असतो. कर्नल आणि प्रत्यक्ष हार्डवेअर यांच्यामध्ये ड्रायव्हर असतात. प्रत्येक सेन्सरसाठी, प्रत्येक नेटवर्क चिपसाठी, प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळा ड्रायव्हर, वेगळ्या माणसाने, वेगळ्या वर्षी लिहिलेला. त्या हजारो फायलींमध्ये वेळेचे जुने ३२ बिटी साचे विखुरलेले होते.

आर्न्ट बर्गमान या जर्मन प्रोग्रॅमरने हे काम कित्येक वर्षे धरून ठेवले. फाइलप्रणालीच्या थरातल्या वेळेच्या शिक्क्यांचे बदल दीपा दिनमणी यांनी केले. ते २०१८ मध्ये कर्नलमध्ये आले. ड्रायव्हरांची बरीच सफाई तर आउटरीची या उपक्रमातून आलेल्या नवशिक्यांनी केली: एक फाइल, एक बदल, त्यावर ज्येष्ठांची झाडाझडती, पुन्हा पाठवा. २०२० च्या मार्चमध्ये आलेली ५.६ ही आवृत्ती ३२ बिटी यंत्रावरही २०३८ पार करू शकणारी पहिली मानली जाते.

हे काम नुसत्या शोधा-आणि-बदलाचे का नव्हते, ते दोन ठिकाणी कळते. पहिले ठिकाण हेतूचे. जुने ड्रायव्हर सर्रास घड्याळाची वेळ विचारत: आत्ता किती वाजले? काम झाले की पुन्हा विचारत आणि वजाबाकी करत. पण त्यांतल्या बहुतेकांना किती वाजले याच्याशी कर्तव्यच नव्हते. मध्ये किती वेळ गेला एवढेच हवे होते. घड्याळ कुणीतरी मागे-पुढे करू शकते, नेटवर्कवरून दुरुस्त होऊ शकते, आणि मग वजाबाकी उणे येते. म्हणून अशा ठिकाणी तारखेचे घड्याळ काढून, यंत्र सुरू झाल्यापासून फक्त पुढेच जाणारी मोजणी लावली गेली. प्रत्येक फाइलपाशी एकच प्रश्न विचारावा लागे, की तुला तारीख हवी की कालावधी? उत्तर ती ओळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात होते, आणि तो माणूस कधीच दुसरीकडे नोकरीला लागलेला.

दुसरे ठिकाण गुणाकाराचे, आणि ते जास्त कपटी आहे. सेकंदांचे मायक्रोसेकंद करायचे तर दहा लाखांनी गुणायचे. उत्तर ठेवायला ६४ बिटांची ऐसपैस जागा तयार आहे, म्हणून लिहिणारा निर्धास्त. पण गुणले जाणारे दोन्ही आकडे ३२ बिटी असतील तर गुणाकारही ३२ बिटांतच होतो. २,१४७ सेकंदांच्या पुढे तो फुटतो आणि फुटलेले उत्तर मग त्या मोठ्या जागेत नीट मांडून ठेवले जाते. इलाज एका शब्दाचा: गुणण्याआधी एका आकड्याला ६४ बिटी म्हणून जाहीर करायचे. चाचणीत हा दोष दिसत नाही, कारण चाचणी पस्तीस मिनिटे कोण चालवत बसतो?

मोठा आकडा वाहून न्यायचा की तो लहान ठेवण्याची युक्ती काढायची, हा पेच आपल्याकडे पाचशे वर्षांपूर्वी एकाने सोडवला होता. पंचांगाच्या गणितात ग्रहांची स्थाने काढायची तर आरंभबिंदूपासून किती दिवस गेले हा आकडा लागतो. त्याला अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून मोजले तर १९ जानेवारी २०३८ चा अहर्गण १८ लाख ७६ हजारांच्या वर जातो. हा आकडा घेऊन हातांनी गुणाकार-भागाकार करायचे म्हणजे पानेच्या पाने. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचताना आरंभबिंदू शके १४४२ वर आणला आणि काळाचे अकरा-अकरा वर्षांचे तुकडे केले. एका तुकड्याला चक्र म्हटले आणि त्याचे दिवस धरले ४,०१६. आधी किती चक्रे झाली ते काढायचे, प्रत्येक चक्रामागे ग्रहाची ठरावीक दुरुस्ती करायची आणि दिवसांचा हिशेब फक्त चालू चक्रापुरता ठेवायचा. अहर्गण मग फार तर चार हजारांच्या आसपास जातो, कितीही शतके उलटोत.

करून बघा. जानेवारी २०३८ म्हणजे शके १९५९. त्यातून १४४२ वजा केले की ५१७, आणि अकराने भागले की बरोबर ४७. बाकी शून्य. ज्या सकाळी युनिक्सचा आकडा दोनशे चौदा कोटींवर जाऊन कोसळतो, त्या सकाळी ग्रहलाघवाने गणित करणाऱ्या जोशीबुवांच्या पाटीवर सत्तेचाळीस चक्रे आणि चारशेच्या आतला एक अहर्गण असेल. आकडा उलटतो हे गणेशाने संकट मानले नाही. तो कधी उलटावा ते स्वतः ठरवले आणि उलटल्याची नोंद वेगळ्या घरात ठेवली. जीपीएस नेमके इथे घसरते. तेही आठवड्यांची चक्रे करते, १,०२४ आठवड्यांचे एक. पण कितवे चक्र चालू आहे हे त्याच्या जुन्या संदेशात सांगितलेलेच नसते. ते घेणाऱ्याने ताडायचे. १९९९ आणि २०१९ मध्ये हे चक्र फिरले, आणि तिसऱ्यांदा फिरेल नोव्हेंबर २०३८ मध्ये, त्याच वर्षी. घड्याळाची वेळ जीपीएसवरून घेणाऱ्या यंत्रांना हे वर्ष दोनदा गाठणार.

हे गणित परभणीलाही परके नाही. जिल्ह्यातले पाथरी म्हणजे ज्योतिषग्रंथांतले पार्थपूर. तिथल्या ज्ञानराजाने १५०० च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिला, आणि त्याचा मुलगा सूर्यदास याने १५४१ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली. ‘लीलावती’ ११५० ची. तिच्या सुरुवातीलाच दशमान संख्यांची नावे येतात: एक, दश, शत, सहस्र असे चढत चढत शेवटी परार्ध. एकावर सतरा शून्ये. भास्कराचार्यांनी तिथे थांबायचे ठरवले, आणि आठशे-नऊशे वर्षे ते कुणाला कमी पडल्याचे ऐकिवात नाही.

कर्नलच्या नव्या ६४ बिटी जागेत मावणारा सर्वांत मोठा आकडा असा आहे: ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. लीलावतीच्या भाषेत ब्याण्णव परार्ध आणि वर बरेच. इतके सेकंद म्हणजे २९,२२७ कोटी वर्षे. विश्वाचे आजचे वय १,३८० कोटी वर्षे. ते एकवीस वेळा उलटून जाईल. पुराणांच्या मापाने मोजायचे तर ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि रात्र तेवढीच. या घड्याळात ब्रह्मदेवाचे तेहेतीस अहोरात्र पूर्ण होऊन चौतिसावा बराचसा उलटतो. पुराणकारांनाही इतक्या लांबचा सेकंद-काटा ठेवावासा वाटला नव्हता.

पण मघाचा एककाचा नियम इथेही पाठ सोडत नाही. कर्नल आतल्या हिशेबाला सेकंद वापरत नाही; तो ६४ बिटांत नॅनोसेकंद मोजतो, कारण आजच्या हार्डवेअरला तेवढी बारकाई लागते. एकक शंभर कोटी पटींनी लहान झाले की मुदतही तितक्या पटींनी आखडते: २९,२२७ कोटी वर्षांची २९२ वर्षे होतात. ११ एप्रिल २२६२ च्या मध्यरात्रीला काही मिनिटे कमी असताना ग्रीनिचला ही जागा भरते. आपल्याकडे १२ तारखेची पहाट, पाच वाजून सतरा मिनिटे. म्हणून लिनक्स आता २२३२ च्या पुढची तारीख लावूच देत नाही. तिथे घड्याळ लावून यंत्र सलग तीस वर्षे चालवले तरी उलटू नये, इतका विचार केलेला आहे. १९७१ च्या लोकांपेक्षा ही पिढी सावध आहे हे मान्य करायला हवे.

कर्नल दुरुस्त झाला तरी आजूबाजूचे बरेच उरते. ईएक्सटी४ या फाइलप्रणालीने दोन जादा बिट घालून २४४६ पर्यंत मजल मारली, पण लहान नोंदींच्या जुन्या पद्धतीने आखलेली डिस्क २०३८ लाच अडते. नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याचा एनटीपी हा प्रघात १९०० पासून सेकंद मोजतो. त्याचे ३२ बिट आधीच, ७ फेब्रुवारी २०३६ ला दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना भरतील. स्वस्त यंत्रांत घड्याळ म्हणून सर्रास बसवली जाणारी डीएस१३०७ ही चिप वर्षाचे फक्त दोन अंक ठेवते. शतक कुठले, ते ड्रायव्हरने गृहीत धरायचे. वायटूकेच्या वेळी, म्हणजे २००० साल उजाडताना, ज्यावर इतका आरडाओरडा झाला, तीच दोन अंकांची गोष्ट आजही पन्नास-शंभर रुपयांच्या पट्टीवर नव्याने विकली जाते. लिनक्सवर आधारलेल्या ३२ बिटी डेबियनने २०२५ च्या आवृत्तीत आर्मवरच्या यंत्रांसाठी वेळेची जागा ६४ बिटांची केली. जुन्या इंटेल प्रकाराला मात्र मुद्दाम वगळले, कारण त्यावर जुनेच प्रोग्रॅम चालवायचे असतात आणि ते मोडले असते. म्हणजे काही यंत्रे जाणूनबुजून २०३८ वर सोडून दिलेली आहेत.

दोष दिसायला अडुसष्ट वर्षे थांबावे लागत असेल तर तो कुणी शोधणार नाही, हे कर्नल लिहिणाऱ्यांना चांगले माहीत आहे. म्हणून त्यांनी एका दुसऱ्या मोजणीत मुद्दाम खोडी काढून ठेवली आहे. यंत्र सुरू झाल्यापासूनचे ठोके मोजणारा जिफीज नावाचा एक आकडा असतो. ३२ बिटी यंत्रावर, सेकंदाला शंभर ठोके धरले तर तो ४९७ दिवसांनी उलटतो. इतके दिवस कोण वाट बघणार? म्हणून तो शून्यापासून सुरूच करत नाहीत. उलटण्याच्या बिंदूच्या तीनशे सेकंद अलीकडून सुरू करतात. ज्या ड्रायव्हरने त्याची तुलना चुकीची केली असेल तो पाचव्याच मिनिटाला, लिहिणाऱ्याच्या टेबलावर, त्याच्या डोळ्यांदेखत पडतो. राणीसावरगावात कुणाच्या घरी लिनक्सवर चालणारा ३२ बिटी राउटर असेल, तर लाइट जाऊन आली की पाच मिनिटांनी तो आकडा शून्य ओलांडून पुढे जातो. भारनियमनाच्या दिवसांत दिवसातून तीन-चार वेळा.